बाईंची गाडी डावीकडे ओढायची

हिंगोलीत एखादा गडी भर चौकात ‘आत्ताच बाईकडं जाऊन आलो’ म्हणाला, तर त्याचा अर्थ एकच असे : तो डॉक्टर यशोदा इंगोले यांच्याकडून शिव्या आणि औषध घेऊन आलेला आहे. दुसऱ्या कुठल्या बाईकडे गेलेला माणूस गावाला सांगत फिरत नसे.

मी या बाईंचा कंपाउंडर. नाव नामदेव. संत नामदेवांचं गाव असलेल्या आमच्या नरसीच्या आसपास हे नाव इतकं आहे की भर बाजारात हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो. बाईंनी पहिल्याच दिवशी फैसला केला, “तुला कंपाउंडर म्हणते. निदान ओ एकच जण देईल.” पुढं माझी बायकोसुद्धा रागात असली की मला कंपाउंडरच म्हणायला लागली.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा परभणी. हिंगोली नुसतं तालुक्याचं गाव. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत बाईंचा दवाखाना होता. पुढं बाकडी, मधे माझी औषधाची खिडकी, आत बाई. त्यांच्या टेबलावर बुद्धाची एक पितळी मूर्ती असायची. बरे झालेले पेशंट तिच्यापुढं नारळ आणून ठेवायचे. बाई म्हणायच्या, “अरे, तो खात न्हाई. मी खाते. पुढच्या टायमाला फोडून आण.”

बाई चाळिशीच्या, उंच, सावळ्या. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. वडील पूर्णेला रेल्वेत फिटर होते, त्यामुळं बाईंचं लहानपण इंजिनांच्या शेडमध्ये लोखंडाचे आवाज ऐकण्यात गेलं. औरंगाबादला शिकून डॉक्टर झाल्या आणि नांदेड-परभणी सोडून आमच्या गावात येऊन बसल्या. का, तर म्हणे इथल्या स्टेशनवर उतरल्यावर पहिल्याच माणसानं विचारलं, “बाई, कोणाच्या घरी लग्नाला आलाव?” तेव्हाच ठरवलं, या गावाला डॉक्टरीण दाखवायची.

चहा त्या कपातून पीत नसत. मिक्श्चर मोजायच्या काचेच्या मापातून पीत. पेशंटला सुई टोचून घ्यायची फार हौस. सुई नाही टोचली तर दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नसे. बाई विचारायच्या, “सुई पायजे? समोर शिंपी बसलाय, त्याच्याकडं जा.” लग्न का केलं नाही, असं एका तहसीलदाराच्या बायकोनं विचारलं तेव्हा ब्लडप्रेशरचा पट्टा तिच्या दंडाला आवळता आवळता म्हणाल्या, “ज्यांनी विचारलं त्यांचे दात खराब होते. ज्यांचे दात चांगले होते त्यांनी विचारलं न्हाई.”

अशा बाईंनी एक दिवस मोटार घेतली.

निजामाच्या राज्यातल्या एका जहागीरदाराची काळी विलायती गाडी त्याच्या वारसांनी गोठ्यात लावून ठेवलेली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. बाईंनी कोंबड्या उठवल्या, गाडी धुतली आणि स्वतः चालवत गावात आणली. नंतर कितीतरी दिवस मागं बसलेल्या माणसाच्या ढुंगणाला पिसं चिकटलेली असत. गावात बाईमाणसानं गाडी चालवायची हा प्रकारच नवा. पोरं मागं धावायची, म्हातारे ओट्यावरून उठून उभे राहायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. खेड्यातून बोलावणं आलं की बॅग टाकायची, मला पुढं बसवायचं आणि निघायचं.

गाडी सुरुवातीला गुमान चालली. मग बोलायला लागली. खड्ड्यातून गेली की पुढून ‘कटक’ असा आवाज. हळू असली की ‘कुईं कुईं’, जुन्या बाजेवर कोणी कूस बदलावी तसा. आणि ब्रेक दाबला की नाक डावीकडे.

यावर गावानं आपापलं निदान सांगितलं. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणाले टायर. पोस्टमास्तर म्हणाले कोंबड्यांचा तळतळाट. बाईंनी तर छातीला लावायची नळी बोनेटला लावून ऐकलं आणि जाहीर केलं, “शॉकअप गेलेत.”

मोटारी दुरुस्त करणारा गफूर मिस्त्री हा आमच्याकडचा एकमेव माणूस ज्याला बाई टाळत असत, कारण तो त्यांच्याइतकाच स्वतःवर खूश होता. तो म्हणाला, “शॉकप बराबर है बाई. नीचे देखना पडेगा.”

“मिस्त्री, मी नळी लावून ऐकलंय.”

“तो नळीच बदलो.”

बाईंनी शॉकअपच बदलायला लावले. गाडी तशीच बोलत राहिली. गफूर दवाखान्यावरून जाताना दोन बोटं कानात घालून मान हलवायचा.

मग हळदीचा प्रकार झाला. बाजारपेठेत मुरलीशेठची हळदीची आडत होती. शेठ म्हणजे देह असा की ते उठेपर्यंत गिऱ्हाईक बदललेलं असे. दुपारच्या वेळी आम्ही बाजारातून जात होतो, समोर एक गाढव आडवं आलं. बाईंनी ब्रेक दाबला. गाढव वाचलं. गाडी सरळ डावीकडे वळून शेठच्या दारातल्या पोत्यांच्या थप्पीवर गेली. दळलेल्या हळदीची पोती फुटली आणि पिवळा धुरळा असा उठला की दुकान दिसेना. धुरळा बसला तेव्हा काळी गाडी पिवळी, बाई पिवळ्या, मी पिवळा. माणसांना लागलं कोणालाच नाही, पण हसायला आख्खा बाजार जमला.

“बाईंना हळद लागली,” मागून कोणीतरी म्हणालं.

बाई खाली उतरल्या, पातळ झटकलं. “लागली बाबा एकदाची. आता नवरा तेवढा दाखवा.”

लोक हसले. शेठ हसले नाहीत. ते म्हणाले, “बाईसाहेब, राग मानू नका. ही मशीन बाईमाणसाच्या हातातली न्हाई. हात कच्चा पडतो. ड्रायव्हर ठेवा, न्हाईतर उद्या गाढवाच्या जागी लेकरू असंल.”

मला वाटलं आता शेठचं काही खरं नाही. पण बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, मग गाडीत बसल्या. बाईंना उत्तर सुचलं नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर दवाखान्यात काहीतरी बिनसलं. एक जण विळ्यानं तळहात कापून आला. बाईंनी पट्टी बांधून त्याला सरकारी दवाखान्यात पाठवला. दुसऱ्या दिवशी कपाळ फुटलेली एक म्हातारी आली, तिलाही तेच. टाके घालण्यात बाईंचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. त्यांनी घातलेल्या टाक्याची खूण पुढं शोधावी लागे. आणि आता सुई-दोऱ्याचा डबा कपाटातून बाहेरच येत नव्हता. शिव्याही कमी झाल्या होत्या. पेशंट काळजीत पडले. “बाईला बरं न्हाई का?” मला खिडकीत विचारायचे.

एका दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. दोन्ही हात समोर ताठ धरून त्या बसल्या होत्या. म्हणाल्या, “पेपरचा कागद घे. माझ्या बोटांवर ठेव.”

मी ठेवला.

“बघ. हालून राहिला का?”

कागदाची कड जराशी हलत होती. मी म्हणालो, “पंख्यानं हालतो बाई.”

“पंखा बंद हाय कंपाउंडर. लाईट सकाळपासून न्हाई.”

मी कागद उचलला. बाईंनी हात मांडीवर घेतले आणि एकदम साध्या आवाजात सांगायला लागल्या. “माझ्या बाबाचे हात लोखंडाचे होते. हातोडीनं टिचकी मारून सांगायचा, याला आत चीर हाय म्हणून. पन्नाशीत हात थरथरायला लागले. आधी त्याला कळलंच न्हाई. पाना हालतो म्हणून पान्याला शिव्या द्यायचा. मग चहाचा कप धरता येईना. माय पाजायची.” मग म्हणाल्या, “मी गाडीला शिव्या देऊन राहिले. गाडीचा कसूर हाय का माझा, कोण सांगणार?”

“गफूर मिस्त्रीला विचारू,” मी म्हणालो.

“त्याला विचारलं आणि तो म्हणाला गाडी बराबर है, मग?”

मी त्यांना मापात चहा करून दिला. त्यांनी माप दोन्ही हातांनी धरलं.

पुढच्या आठवड्यात जवळा बाजारहून बोलावणं आलं, एका बाळंतिणीचा ताप उतरत नव्हता. बाई मला म्हणाल्या, “ब्रेक लावायची पाळी येणार न्हाई इतकी हळू नेते.” आणि नेली. बैलगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या. रस्ताभर ‘कुईं कुईं’ चालूच. वाटेत एका ओढ्यातून जावं लागलं. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत होतं. पलीकडं चढलो आणि मला चुकल्यासारखं वाटलं. आवाज बंद.

“ओढ्यानं बरी केली बाई गाडी.”

बाई कान टवकारून बसल्या. ऊन कडक होतं. गाव यायच्या आत कुईं परत सुरू झालं. बाई एकदम हसल्या. बाळंतिणीला औषध दिलं, तिच्या सासूला रीतसर झापलं, आणि परत येताना त्याच ओढ्यात मुद्दाम गाडी उभी करून पाण्याकडं बघत बसल्या. गाडी बाहेर काढली, परत गप्प. “लोखंड लोखंडावर घासलं तर पाण्यानं असं गप बसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “हे रबर हाय. कोरडं, मेलेलं रबर. कुठंतरी खाली.”

दवाखान्यापुढची गल्ली नाल्याकडं उतरती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट बाकड्यांवर बसलेले असताना बाईंनी मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. मला गाडी येत नव्हती. तसं मी सांगितलंही.

“चालवायची न्हाईच. उतारानं ती आपोआप जाईल. मी दाब म्हटलं की मधला दाबायचा. न्हाई दाबला तर माझ्या जागी दुसरी डॉक्टर बघ.”

पदर खोचला, डाव्या बाजूला भिंतीलगत गोणपाट अंथरलं आणि बाई त्यावर कुशीवर झोपल्या, गाल जमिनीला टेकवून. पेशंट दारात येऊन उभे राहिले. एक बाई रडायलाच लागली. तिला वाटलं डॉक्टरीण गेली. मी हँडब्रेक सोडला. गाडी निघाली.

“दाब.”

दाबला. खालून ‘कटक’.

“ढकला मागं. परत.”

पेशंटांसोबत आलेल्या गड्यांनी गाडी मागं ढकलली. परत सोडली. परत ‘कटक’. असं बऱ्याचदा झालं. शेवटी बाई उठून बसल्या. गालाला माती, केसात काडी. “कंपाउंडर, इकडं ये. चाक बघ.”

आता त्यांनी एका गड्याला ब्रेकवर बसवलं आणि मला गोणपाटावर झोपवलं. मी पाहिलं. ब्रेक लागला की डावं चाक जागच्या जागी थांबायच्या ऐवजी बोटभर मागं सरकायचं. उजवं सरकत नव्हतं. बाईंनी शेजारच्या बांधकामावरची पहार मागवली, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याच्या मुळाशी घातली आणि रेटली. दांडा दात हलावा तसा हलला. त्याच्या मुळाशी एक रबरी बुश असतो : बाहेर लोखंडाची नळी, आत रबर, रबराच्या पोटात आणखी एक बारीक नळी. दांडा हलतो तो या रबरावर. आमच्या गाडीचं रबर जुन्या पापडासारखं झालं होतं. पहारीनं त्याचे तुकडे खाली पडले. बाईंनी तांब्याभर पाणी ओतायला लावून गाडी दाबून पाहिली, कुईं बंद.

त्या रस्त्यावर बसूनच हसायला लागल्या. हसता हसता दोन्ही हात समोर धरून बघितले. हात मातीनं भरलेले आणि हलत होते, हसण्यानं. “अरे, कोणाचेही हात ताणून धरले की जरासे हालतात. पुस्तकात लिहिलंय. मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत त्याचे.”

हात धुऊन आत गेल्या आणि रांगेतल्या एका पोराच्या फाटलेल्या भुवईला टाके घातले. पोरगं बोंबलत होतं. बाईंनी त्याला इतक्या मनापासून शिव्या दिल्या की बाहेर बसलेल्या लोकांचे चेहरे उजळले.

बुश हिंगोलीत मिळणारच नव्हते. गफूरच्या मेव्हण्यानं हैदराबादच्या भंगार बाजारातून शोधून पाठवले, जास्तीचे दोनचार धरून. जुने काढताना गफूरनं आरीनं बाहेरची नळी उभी कापली, छिन्नी घातली, आणि बाईंच्या तोडीच्या शिव्या घातल्या, फरक एवढाच की त्याच्या उर्दूत होत्या आणि ऐकायला गोड लागत. नवे बसवायला तो ग्रीस घ्यायला लागला, तर बाईंनी हात धरला. “तेलकट लावू नको, रबर खातं ते. कंपाउंडर, ग्लिसरीन आण.” ग्लिसरीन लावल्यावर बुश शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरून दाबले आणि सरकन आत गेले. गफूर म्हणाला, “दवाखाने में कुछ तो काम का निकला.”

इथवर ठीक होतं. पण गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बाईंना सेनगावकडचं बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, “कस बोल्ट आणि सोड.”

“ऐसा नहीं कसते बाई. गाडी जमीन पे आने दो, वजन पडने दो, फिर कसना.”

“बोल्ट बोल्ट असतो मिस्त्री. तिकडं लेकरू अडलंय. कस.”

लेकरू सुखरूप आलं. बुश मात्र पावसाळा संपेपर्यंत गेले. गफूरनं काढून दाखवले : रबर एका अंगाला पिळून फाटलेलं. हवेत कसलं की रबर त्या जागी धरतं. गाडी खाली उतरली, की ते कायम पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळतं. बाईंनी तो बुश बराच वेळ उलटासुलटा केला. मग म्हणाल्या, “मिस्त्री, माझं चुकलं.”

गफूर याला तयार नव्हता. तो गडबडून गेला, हातातलं फडकं खाली पडलं. “अब ऐसा भी नहीं बाई,” म्हणाला. “आप को तकलीफ थी, इस लिये.”

“तकलीफ लेकराला होती. मी घाईत होते. आता तू सांगशील तसं.”

जास्तीचे बुश बसवून मिस्त्रीनं सांगितलं : गाडी खाली, आत रोजच्याइतकं वजन, मग कसू. बाईंनी बाकड्यांकडं नजर टाकली. बाजाराचा दिवस होता, दवाखाना भरलेला. आणि नशीब असं, की पोटात गॅस धरला म्हणून त्या दिवशी खुद्द मुरलीशेठ येऊन बसले होते.

“शेठ, उठा. पुढं डावीकडं बसा.”

“मी? काहून?”

“औषधाचा भाग हाय. बोलू नका.”

मागं एक गरोदर बाई आणि तिची सासू बसवली, म्हणजे आमचा नेहमीचा भार झाला. ड्रायव्हरच्या जागी बाई स्वतः. गफूर पाठीवर झोपून खाली गेला. पाना फिरत होता, आतून आवाज येत होते. शेठ सीटवर मावत नव्हते आणि श्वास धरून बसले होते.

“श्वास सोडा शेठ, वजन तेच राहतं,” बाई म्हणाल्या.

बोल्ट कसले गेले. गफूर बाहेर आला, हात पुसत म्हणाला, “ले जाओ.” बाईंनी सासू-सुनेला उतरवलं, मी मागं चढलो. शेठ उतरायला लागले तर गाडी सुरू झालेली होती. बाईंनी ती बाजारपेठेत नेली, चांगली जोरात, आणि शेठच्याच दुकानापुढं ब्रेक दाबला. पोत्यांची थप्पी होती तिथंच होती. दुकानातला मुनीम मात्र आतल्या खोलीत पळाला होता. गाडी रेघेवर ओढल्यासारखी सरळ थांबली. काही वाजलं नाही.

बाईंनी दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. “शेठ, हात कच्चा हाय का?”

शेठचा चेहरा पांढरा पडला होता. ते पोटावर हात ठेवून, मोठा ढेकर देऊन म्हणाले, “गॅस गेला बाईसाहेब.”

पुढं कोणीही शेठपुढं बाईंच्या गाडीचा विषय काढला की ते म्हणत, “मी बसलोय तिच्यात. तुमी बसून बघा.” आणि बाईंनी गफूरला दवाखान्यात रांगेत न थांबता आत यायची परवानगी दिली. त्याचा त्यानं वाईट फायदा घेतला. काहीही दुखत नसताना येऊन बसायचा आणि मापातून चहा मागायचा.

दशक सरत आलं तेव्हा मला सरकारी नोकरी लागली, कळमनुरीकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात. बाईंना सांगायला मला धीर होत नव्हता. सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “जा. इथं राहून तू माझ्याच शिव्या ऐकून म्हातारा होशील. तिकडं नव्या ऐक.” रुजू व्हायच्या दिवशी मला, माझ्या पेटीला आणि बायकोला गाडीत घालून स्वतः सोडायला आल्या. तिथल्या डॉक्टरला भेटल्या, सुया कशा उकळता ते विचारलं, पातेलं बघितलं, आणि “बरं हाय” म्हणाल्या. ते ऐकून तो तरुण डॉक्टर उभाच राहिला. बाईंनी माझ्या बायकोच्या हातात एक लुगडं दिलं. मला काही दिलं नाही. माझ्याकडं नीट पाहिलंही नाही.

वर्षभरानं त्या हिंगोली सोडून पूर्णेला आईजवळ गेल्या आणि तिथंच दवाखाना थाटला, असं मला कळलं. म्हणजे मी बाईंना शेवटचं पाहिलं ते मला सोडायला आल्या त्या दिवशीच.

त्या दिवशी गाडी फाट्यापर्यंत गेलेली मी दारातून बघत होतो. तिथून त्यांना उजवीकडं वळायचं होतं. मागं कोणी नव्हतं, पुढं कोणी नव्हतं. एक म्हैस तेवढी रस्त्यात आडवी उभी होती. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून वळायची खूण केली. म्हैस हलली नाही. मग डोकं बाहेर काढलं आणि तिला काहीतरी ऐकवलं. काय ते एवढ्या लांबून मला ऐकू आलं नाही. पण म्हैस बाजूला झाली.